झोपलेलं पोर हात का ओढतं

मी लिग्नोकेनची बाटली बोलतेय. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. आठ महिने मला गप्प बसवलं होतं, आज कुठे तोंड उघडलंय, आणि गोड बोलायची माझी मुळीच इच्छा नाही.

नाव अवघड वाटत असेल तर सोपं करून सांगते. दाढ काढण्याआधी डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला नसल्यासारखा वाटतो, ते औषध म्हणजे माझं भावंड. बोटाला टाके घालण्याआधी टोचतात तेही आमच्यातलंच. बधिर करणं हे आमच्या घराण्याचं काम. त्यातून मी शिरेतून देण्याच्या प्रकारातली, म्हणजे आमच्यात जरा मानाची. मान कसला डोंबलाचा! त्या मानापायीच माझी ही गत झाली.

माझा जन्म हिमाचलातल्या एका कारखान्यात झाला. तिथे बाटल्या रांगेने पुढे सरकतात, पोटात औषध भरलं जातं, वर रबराचं बूच, त्यावर पत्र्याची टोपी आणि अंगावर मुदतीची तारीख. तिथून खोक्यात, खोक्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून सांगलीच्या औषधांच्या होलसेल दुकानात, आणि तिथून आष्ट्यातल्या एका दवाखान्यात. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, "तरीच! तो दवाखानाच तसला," आणि निवांत व्हाल. मला तुम्हाला निवांत होऊ द्यायचं नाही.

ऑपरेशन थिएटरात आले तेव्हा मी खूश होते. वाटलं, आता काम मिळणार. पूजा सिस्टरांनी मला उचललं, तारीख वाचली आणि भिंतीकडेच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये नेऊन ठेवलं. एखाद्याच्या हृदयाचे ठोके भलतेच बिघडले तर मला द्यायचं, म्हणून माझी जागा तिथे. ट्रेला पारदर्शक झाकण, आणि झाकणाला आकडे छापलेलं लाल प्लॅस्टिकचं सील.

दवाखान्याला दर्जाचं कसलंसं प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी तपासणीला येणारी माणसं म्हणे सगळ्यात आधी हा ट्रे बघतात. सील शाबूत असलं की माना डोलावतात. तोडलेलं असलं तर कुणी तोडलं, कधी तोडलं, कशासाठी तोडलं, हे तीन ठिकाणी लिहायचं, सह्या करायच्या, नवं सील मागवायचं. एवढा ताप कोण घेणार? म्हणून ट्रेला कुणी हातच लावत नसे. पूजा सिस्टर दर महिन्याच्या एक तारखेला यायच्या, सीलचा नंबर वहीशी पडताळायच्या आणि जायच्या. आत काय आहे ते त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नाही. माझ्या आधीची बाटली न उघडताच मुदत संपून कचऱ्यात गेली, हे मी शेजारच्या औषधांकडून ऐकलं होतं.

बरं, नुसतं पडून राहायचं असतं तर मी राहिलेही असते. पण माझी जागा अशी की ऑपरेशनचं टेबल समोर, सहा हातांवर. दिसायचं सगळं.

तिथे मुलं यायची. कुणाचे टॉन्सिल, कुणाचं अपेंडिक्स, कुणाचं झाडावरून पडून मोडलेलं कोपर. भूल द्यायला डॉ. धैर्यशील यायचे. ते या दवाखान्यात कायमचे नव्हेत. सकाळी आष्टा, दुपारी तासगाव, मध्येच विट्याहून फोन. गाडीच्या डिकीत औषधांची बॅग आणि कानाला मोबाईल. माणूस वाईट नाही. मुलांशी हसून बोलतात, हातही हलका आहे. पण पायात चाकं.

मुलाला झोपवायची त्यांची पद्धत ठरलेली. आधी झोपेचं औषध, दुधासारखं पांढरं. त्याच्या मागोमाग फ्रिजमधून काढलेलं दुसरं, स्नायू सैल पाडणारं. त्या दुसऱ्यावर माझा राग नाही. ते नसलं तर घशात श्वासाची नळी नीट बसत नाही, त्याचं काम मोठं आहे. पण ते आंबट जातीचं औषध, शिरेतून वर जाताना अनेकांच्या हाताची आग करत जातं. हे मला ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, त्यांच्या पुस्तकांत छापलेलं आहे.

आणि मग काय होतं? झोपलेलं पोर हात ओढतं. कोपरापासून झटका देतं, कधी सगळा खांदा वळवतं, कधी सलाईनची सुई उपटून निघते. मनुबाई मावशी तिथे तेवढ्यासाठीच उभ्या असतात, तो हात दाबून धरायला. आणि दर वेळी टेबलाभोवतीचं कुणी ना कुणी म्हणतं, "झोपलंय ते, त्याला काय कळतंय?"

हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कळत नाही, तर हात का ओढतं? पाय का नाही ओढत? नेमका तोच हात, नेमकं तेच औषध गेल्यावर, का? जागं माणूस "आई गं" म्हणतं म्हणून त्याचं दुखणं खरं, आणि झोपलेल्याला तोंड उघडता येत नाही म्हणून त्याचं खोटं?

उपाय फार मोठा असता तर मी बोललेही नसते. मनगटाच्या वर रबरी पट्टा आवळायचा, माझं थोडंसं औषध शिरेत सोडायचं, मिनिटभर तिथेच थांबू द्यायचं आणि पट्टा सोडायचा. शीर बधिर होते. मग बाकीची औषधं द्या. मी काही जादू नाही, काही मुलांना तरीही थोडं जाणवतं. मी नको असेन तर मला वगळा. ते औषध पातळ करून द्या, मोठ्या शिरेतून द्या, चालू सलाईनबरोबर हळूहळू सोडा, आधी वेदना मारणारं काही द्या. पण काहीतरी करा! एका मिनिटाची गोष्ट. आमच्या थिएटरात चहाला पंधरा मिनिटं निघायची, हे एक मिनिट मात्र कुणाला सापडत नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वी तिथे क्रांती आली.

क्रांती आठ वर्षांची. वडील फौजेत, लांब उत्तरेला. आजोबांचं, म्हणजे आबांचं, गावात गुऱ्हाळ. गेल्या हंगामात तिथे खेळताना कढत काकवी तिच्या डाव्या हातावर सांडली. जखम भरली, पण कातडी आकसली आणि चार बोटं तळहाताकडे ओढली गेली. सर्जन म्हणाले, दोन वेळा ऑपरेशन करू. आता दोन बोटं मोकळी करू, पाच महिन्यांनी उरलेली दोन. त्याला उशीर केला तर सांधे आखडतील आणि ती बोटं पुन्हा सरळ व्हायची नाहीत.

पहिल्या वेळी ही पोर स्वतःच्या पायांनी चालत थिएटरात आली. आबांनी दारापर्यंत मोबाईल धरला होता आणि त्यातून तिचे पप्पा सांगत होते, "फौजीची लेक हायस तू. रडायचं न्हाई. काय?" ती "व्हय" म्हणाली आणि टेबलावर चढून पडली. डावा हात ऑपरेशनचा, म्हणून सलाईनची सुई उजव्या हाताला. चांगल्या हाताला. सुई टोचली तरी तिनं ब्र काढला नाही. सगळ्यांनी कौतुक केलं.

पांढरं औषध गेलं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. तो त्यांनी मान आणि खांद्यामध्ये धरला आणि बोलता बोलता दुसरी सिरिंज लावून दाबली. क्रांतीचा हात असा काही उसळला की मनुबाईंच्या मुठीतून सुटला. सुई निघाली, मनगट टरारून सुजलं. मग पुन्हा दुसरी शीर शोधा, पुन्हा टोचा. "झोपलीय ती," कुणीतरी म्हणालंच.

ऑपरेशन झालं. शेजारच्या खोलीत शुद्धीवर आल्यावर ती जे बोलली ते दारातून मला स्पष्ट ऐकू आलं. "आबा, माझ्या चांगल्या हातात काकवी घातली ह्यांनी."

"आगं, सपान पडलं आसंल," आबा म्हणाले.

डॉक्टर समजावून सांगू लागले. भाजल्याची जुनी आठवण डोक्यात बसलेली असते, भुलीत ती वर येते, मुलांना होतं असं. सगळ्यांना ते पटलं. का नाही पटणार? एवढा शिकलेला माणूस सांगतोय आणि समोर आठ वर्षांची पोर. काकवीनं भाजणं म्हणजे काय हे त्या अख्ख्या दवाखान्यात एकट्या तिला ठाऊक होतं, आणि तिचंच कुणी ऐकलं नाही. झाकणाला डोकं आपटता आलं असतं तर मी आपटलं असतं.

आज सकाळी नऊ वाजता ती पुन्हा आली. चालत नाही. आबांनी उचलून आणली. दवाखान्याचा हिरवा झगा अंगात अडकवून आबा तिच्यासह आत आले, कारण ती त्यांची मान सोडत नव्हती. टेबलावर ठेवल्यावर तिनं उजवा हात पोटाखाली दाबला आणि पालथी पडली. डावा हात मात्र मोकळा सोडला होता. ज्याच्यावर सुरी चालणार तो हात द्यायला ती तयार होती, चांगला हात द्यायला नाही!

"क्रांते, आगं बोटं तशीच ऱ्हातील गं," आबा काकुळतीला आले. "त्या हातानं कायबी धरता यायचं न्हाई मग."

"ऱ्हाऊ द्यात. उजव्या हातानं धरीन."

"डाक्टर, आता काय करायचं वो?"

डॉ. धैर्यशील घड्याळ बघत म्हणाले, "काही नाही, दोघा-चौघांनी धरा. दोन मिनिटांचं काम आहे. पूजा सिस्टर, पाय धरा. मनुबाई, हात काढा तिचा बाहेर."

मनुबाई जागच्या हलल्या नाहीत. वय पन्नाशीचं, अंगठेबहाद्दर बाई, थिएटरात त्यांनी कधी वर मान करून बोललेलं मी पाहिलं नव्हतं. आज त्या म्हणाल्या, "सायेब, मी धरायची न्हाई."

"म्हणजे?"

"ईस वरसं झाली मी पोरांचं हात धरतीया. झोपल्यालं पोर उगं हात वडत न्हाई, सायेब. दुकतं तवाच वडतं. तुमी सिरिंजकडं बघताय, मी हाताकडं बघती. मला ठावं हाय."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. मला वाटलं, आता ओरडणार. ते क्रांतीकडे वळले आणि जरा चिडूनच म्हणाले, "बाळा, तू तेव्हा झोपली होतीस. तुला काही कळलेलं नाही."

"मी झोपले न्हवते," क्रांती पालथ्या तोंडानं म्हणाली. "डोळं मिटलं हुतं. पांढरं औषध गार लागलं. मग दुसरं आलं, ते मनगटापासनं वर चढलं, काकवीगत. मला वरडायचं हुतं, तोंडच हलंना. तवा तुमी फोनवर म्हणाला, 'तासगावला सांग, धा मिनटांत निगतो.'"

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते वाक्य त्यांचंच होतं. त्या दिवशी ते ऐकणाऱ्यांत मीही होते. पोर पुरती झोपायच्या आतच त्यांनी दुसरं औषध सोडलं होतं, आणि ते त्यांना आज, पाच महिन्यांनी, त्या पोरीकडून कळत होतं.

मग ते पूजा सिस्टरांना म्हणाले, "शिरेतून द्यायचं लिग्नोकेन आहे का?"

"सर, ते इमर्जन्सी ट्रेमध्येच आहे फक्त. आणि उद्या तपासणी आहे. सील तोडलं तर..."

"तोडा."

"सर, दवाखान्याच्या मोठ्या सरांना विचारून घेऊ का? नवीन सील यायला दोन दिवस लागतात."

डॉक्टर स्वतः आले आणि ते लाल सील कात्रीनं कापलं. आठ महिन्यांत मला पहिल्यांदा माणसाचा हात लागला. खोटं कशाला बोलू, मला रडू येईल असं वाटलं. पण त्याहून जास्त राग आला. एवढं सोपं होतं तर!

ते क्रांतीजवळ गुडघ्यांवर बसले. "सुई टोचेल, ते मी नाही म्हणत नाही. नंतर पट्टा बांधीन, तो आवळेल. पण मागच्या वेळची आग लागू देणार नाही. ह्या औषधानं शीर बधिर करतो आधी. आणि तू झोपलीस की नाही हे बघितल्याशिवाय दुसरं औषध हातात धरणार नाही."

"फोन?" क्रांतीनं विचारलं.

त्यांनी खिशातला फोन काढला, बंद केला आणि आबांच्या हातात दिला.

तिनं हात काढला. घामानं ओला झाला होता. सुई टोचली, ती कण्हली. पट्टा आवळला. मग मी शिरले. थोडीशीच, काही थेंब. मिनिटभर मी त्या इवल्याशा शिरेत थांबले, आणि जन्माला आल्यापासून पहिल्यांदा मी माझं काम केलं. पट्टा सुटला. पांढरं औषध गेलं. डॉक्टरांनी तिला हाक मारली, पापणीला बोट लावून पाहिलं, थांबले. मग ते आंबट औषध, सलाईनबरोबर, सावकाश.

हात हलला नाही. मनुबाईंनी सवयीनं तो धरला होता, पण धरण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी हळूच स्वतःची मूठ सैल केली.

अकरानंतर शेजारच्या खोलीत ती जागी झाली. आबांच्या मोबाईलवर तिचे पप्पा होते. "शाब्बास! रडली न्हाईस न्हवं? फौजीची लेक हाय माझी!"

"पप्पा, तसलं काय न्हाई," ती जड जिभेनं म्हणाली. "ह्या टायमाला दुखलंच न्हाई. मागल्या टायमाला दुखलं हुतं, तवा मी सांगितलं तर तुमी सगळी सपान म्हणाला."

आबा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

इथे संपलं असतं तर मी एवढी तावातावानं बोललेच नसते. तुम्हालाही बरं वाटलं असतं, नाही का? डॉक्टर सुधारले, पोरीची बोटं सुटली, बाटलीचं सोनं झालं. थांबा जरा.

पावणेबारा वाजता त्याच टेबलावर ऋषिराज आला. विट्याचा, पाच वर्षांचा, टॉन्सिलसाठी. मी तिथेच ट्रॉलीवर उभी होते, उघडलेली, जवळजवळ पूर्ण भरलेली, डॉक्टरांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. आता ना सील होतं, ना कुणाला विचारायचं होतं. दारात त्याची आई कौतुकानं सांगत होती, "आमचा ऋषिराज लय शूर हाय. अजाबात रडत न्हाई."

"वा, मग काळजीच मिटली," डॉ. धैर्यशील म्हणाले. तेच डॉक्टर. सकाळी गुडघ्यांवर बसलेले. फोन पुन्हा चालू झाला होता, तासगाववाले खोळंबले होते.

पांढरं औषध. मग लगेच दुसरं.

ऋषिराजचा हात कोपरापासून उसळला.

मनुबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "सायेब, ती बाटली हाय की हितंच."

"अहो, हा कुठे घाबरलाय तिच्यासारखा?" डॉक्टर नळी घालता घालता म्हणाले. "आणि झोपलाय तो."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला, आणि माझं डोकं फिरलं ते अजून फिरलेलंच आहे. त्यांनी सकाळी मला दुखण्यासाठी वापरलंच नव्हतं. त्यांनी मला रडण्यासाठी वापरलं होतं! जे पोर आकांत करील त्याची शीर बधिर करायची, जे गुमान पडून राहील त्यानं सोसायचं. क्रांतीनं पाच महिने धरून ठेवलेली गोष्ट त्यांनी एका पोरीचा हट्ट म्हणून पुरवली आणि तिथेच सोडून दिली.

आता संध्याकाळ झालीय. एकदा उघडलेली बाटली ठेवत नाहीत, हा नियम मात्र कडक पाळतात, म्हणून उरलेलं औषध ओतून मला काचेच्या कचऱ्यासाठीच्या निळ्या डब्यात टाकलंय. तिकडे पूजा सिस्टर ट्रेसाठी नवीन बाटली आणि कुठून तरी उसनं सील मिळवायच्या धावपळीत आहेत. उद्या तपासणीची माणसं येतील, सील बघतील आणि माना डोलावतील. मला न्यायला सकाळी गाडी येईल.

जाता जाता तुमच्याशी, आईबापांशी बोलते. थिएटरच्या दारात तुमच्यापुढे कागद धरतात आणि तुम्ही न वाचता सह्या करता. किती वेळ लागेल, खायला कधी द्यायचं, एवढंच विचारता. उद्या विचारा, माझं पोर झोपेत हात ओढू नये म्हणून तुम्ही काय करणार आहात? डॉक्टर रागावले तर रागावू द्या. उत्तर मिळेपर्यंत पेन हातात घेऊ नका.

आणि तेवढं विचारायचा धीर झाला नाही, तर निदान एक खोटं बोला. तुमचं पोर कितीही धीट असू दे, दारात त्याचं कौतुक करू नका. सांगा, लय भित्रं आहे म्हणून.